सात बाण आणि एक कढई

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि सांगा मला — पूर्वज शूर असलेला बरा, की खरा असलेला बरा? काय? दोन्ही? लबाड आहात!

ऐका तर! भोरवंडी नावाचं गाव, गावात गढी. तीनशे वर्षांमागं शत्रू शिड्या लावून चढला. आत माणसं किती? सतरा! तेव्हा हैबती आचाऱ्यानं काय करावं? चुलीवरची कढई उचलली आणि उकळतं पिठलं वरनं ओतलं! शत्रू बोंबलत पळाला हो! तेव्हापासून दरसाल उत्सवात पिठलं शिजतं, आणि पहिली पळी हैबतीच्या वंशजाच्या पानात. हा मान आता तुळशीरामआण्णाचा. वर्षभर त्याला कुणी विचारत नाही, पण त्या दिवशी — काय तो रुबाब!

अशात गावात आले सिनेमावाले. लढाईचा सिनेमा! दिग्दर्शकानं विचारलं, "आण्णा, तुमचे पूर्वज लढले कसे?"

आण्णानं तोंड उघडलं — "पिठ..." — आणि जीभ चावली. एवढ्या मोठ्या माणसाला पिठलं सांगायचं? लाज वाटली हो!

"तलवारीनं! एकट्यानं पन्नास कापले!"

"वा! लग्न झालं होतं? नसेल तर लोक जास्त रडतील."

"मग नव्हतं झालं! विशीतच गेले. घाला मसाला!"

आणि मंडळी, काय तो सिनेमा! बुरुजावर हैबती — छातीत सात बाण — तरी तलवार फिरतेय — सपासप! सपासप! — "आई गं" म्हणाला आणि कोसळला! ...वाजवा, वाजवा टाळ्या! आण्णासुद्धा बाहीला नाक पुसत रडला.

उत्सव आला. आण्णा फेटा बांधून मानाच्या पाटावर बसणार, तोच सरपंच किसनबापू म्हणाले, "आण्णा, उठा. हैबती बिनलग्नाचे गेले, सगळ्या गावानं पाहिलंय. मग तुम्ही वंशज कुणाचे? यंदापासून तलवारीची पूजा!"

आण्णा पाटापासून मागं सरला.

चुलीपाशी त्याची बायको गजराबाई पिठलं घोटत होती. ती कडाडली, "पूजा करा, आणि तलवारच वाढून घ्या पानात!" झाकण आदळलं आणि कढईवर हात ठेवून उभी राहिली. सगळी पंगत उपाशी!

आण्णानं फेटा काढला. "ऐका रे! हैबती आचारी होता. पिठलं ओतून लढला. आठ पोरं झाली, म्हातारा होऊन खोकत खोकत मेला. मला त्याच्या पळीची लाज वाटली, म्हणून मीच त्याला विशीत मारला!" आणि ढसाढसा रडला — सिनेमात रडला होता त्याहून जास्त.

किसनबापूंनी स्वतः पळी घेतली आणि त्याच्या पानात वाढली. आण्णाचं तोंड भाजलं, तरी हसला.

तुम्हीही हसताय? सिनेमा खुशाल बघा, मीही बघतो. पण मघाशी सात बाण लागले तेव्हा टाळ्या कडकडल्या — जो असा मेलाच नाही, त्याच्यासाठी! आणि आचाऱ्यानं कढई उचलली, सतरा जीव वाचवले, तेव्हा? एकाचा हात हलला नाही!

आता वाजवा.