रुईचा बर्फ

आज रविवार, तेरा जानेवारी एकोणीसशे सत्तावन्न. सकाळी धुकं होतं. ऊन उशिरा आलं. मी पाणी भरलं, चहा केला, दुपारी दिनकरने शिजवलेला भात खाल्ला. दिनकर म्हणजे माझा मेहुणा, कमलचा भाऊ, नागपूरहून आला आहे. चार वाजता आम्ही दोघं चालत इथे शोकसभेला आलो.

मंडळी, मला बोलता येत नाही. पांढुर्ण्यात हे सगळ्यांना माहीत आहे. स्टेशनवर पार्सलच्या खिडकीत मी नोकरी काढली. तिथे फार बोलावं लागत नाही. काय आहे, कुठे जायचं, सही करा. आमच्या घरात बोलायचं काम कमल करायची. ती गेल्या महिन्यात गेली. तेरवी झाली, पाहुणे परतले. आणि आज मला उभं राहावं लागलं.

तुम्ही सगळे तिला बाई म्हणत होता. चार लोकांत मीही बाईच म्हणायचो. आज कमल म्हणतो.

वेचणीचे दिवस असून तुम्ही एवढे जण आलात. मुलांनाही आणलंत. ती असती तर तिने आधी मुलांना पुढे बसवलं असतं. बसा रे, पुढे या.

कमल सौंसरची. स्वराज्य आलं त्याच सुमारास ती नागपूरला बालशिक्षणाचा वर्ग करून आली आणि आमच्या ओसरीत बालवाडी सुरू केली. येताना ऋतूंची चित्रं आणली होती. हिवाळ्याच्या चित्रात पांढरी छपरं होती, आणि लोकरीच्या टोप्या घातलेली पोरं बर्फाचा माणूस करत होती. मी म्हटलं, “हे चित्र राहू दे. आपल्याकडे बर्फ कुठला?”

ती म्हणाली, “अहो, पोट्ट्यांनी पाहिला नाही, म्हणून तं दाखवायचा!”

मग तिने कापूस आणला. मुलांना सरकी काढायला बसवलं. त्याने बोटं स्थिर होतात म्हणे. सरकी काढलेली रुई तिने ओसरीभर पसरली. काड्यापेट्यांची घरं केली, त्यांच्यावर रुई. रुईचाच एक माणूस, त्याला सरकीचे डोळे. मी ड्यूटीवरून आलो तर मुलांच्या केसांत, भुवयांवर, सगळीकडे रुई. कमल खूश होती. तिने विचारलं, “आता सांगा बरं, बर्फ कसा असतो?”

सगळी मुलं एकदम ओरडली, “गरम!”

हसू नका. खरंच सांगा, आपल्या मुलांनी दुसरं काय म्हणावं? आपल्या घरी रुई म्हणजे गादी. रुई म्हणजे रजई. सुमी, आता ती मोठ्या शाळेत जाते, तिने तर बाईंनाच समजावलं. “बाई, ते पोरं रजईतच खेळून राहिले. त्यांले कायची थंडी?”

कमल त्या दिवशी स्वयंपाक करतानाही हसत होती. जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, “चुकलंच माझं. आता खरा बर्फ पाहिजे.”

“कुठून?”

“नागपूरहून गाडी येते ना? अन् पार्सलात तुम्हीच बसता ना?”

बर्फ आला. पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून. गार्ड म्हणाला, “काय बाबूजी, घरी लग्न काढलं का?” मी म्हटलं, “नाही, शाळा आहे.” सायकलवर पोतं बांधून मी बाजारातून निघालो. मागे पाण्याची धार. घरी पोचेपर्यंत अर्धा उरला.

पहिल्या मुलाने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. “बाई, हे चावते!”

मग कमलने दोन तुकडे घेतले. एक ताटात उघडा ठेवला. दुसरा रुईत गुंडाळला. विचारलं, कोणता आधी वितळेल? मुलं म्हणाली, रुईतला. सुमी तर रडायलाच लागली, “काढा ना बाई त्याले, त्याले गरमून राहिलं!” कमलने काढला नाही. ताटातल्या तुकड्याचं पाणी झालं. मग तिने रुई उघडली. आतला तुकडा तसाच होता. थोडा लहान झालेला, पण होता.

कमलने फक्त विचारलं, “काहून?” आणि उत्तर न सांगता मुलांना घरी पाठवलं.

मीही विचारलं, काहून. ती म्हणाली, “मुलांत बसा कधी. तेच सांगतील.”

रिटायर झाल्यावर मी बसू लागलो. मागच्या भिंतीशी, पोत्यावर. सुमीच्या धाकट्या बहिणीने, शकूने, मला सांगितलं. “बाबूजी, रुई गरम नसते. ते फक्त दार लावून बसते. आतलं बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं आत येऊ देत नाही.”

शकू, बेटा, तू बरोबर सांगितलंस. रजई मी रोज घेतो. आता त्यात माझ्या एकट्याचीच ऊब असते.

नोव्हेंबरात राज्य बदललं. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे मध्यप्रदेशात राहिलो. गाडी तीच आहे, रूळ तेच आहेत. पण कमलचा भाऊ, तिच्या वर्गातल्या मैत्रिणी, चित्रं पाठवणाऱ्या बाई, सगळे तिकडे. ती भांडली नाही. एकदा नुसतं म्हणाली, “आपण दोघंच राहिलो हो इकडे.” 

मग नवे साहेब बालवाडी पाहायला आले. म्हणाले, “बाईजी, अब बच्चों को हिंदी में सिखाइए।” कमल म्हणाली, “शिकवीन साहेब. पण थंडी म्हणजे काय, हे आधी त्यांना आईच्या बोलीत कळू द्या.” साहेब चहा घेऊन गेले. पुढे काय ठरणार, ते तिला कळलंच नाही. मलाही अजून माहीत नाही.

दिनकर मला न्यायला आला आहे. तो म्हणतो, “भाऊजी, आता इथं काय राहिलं? ओसरीला कुलूप लावा, चला नागपूरला.” त्याचं चूक नाही. मी पेटी भरलीही होती.

शुक्रवारी सकाळी मुलं आली. येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपापल्या जागी जाऊन बसली. मी दारात उभा. शकूने विचारलं, “बाबूजी, बाई नाही, तं थंडी कोण शिकवन?”

मुलं थोडा वेळ बसली आणि उठून गेली. त्यानंतर घर जे शांत झालं, तसं ते तेरवीनंतरही झालं नव्हतं.

दिनकर, तुला घरी सांगायला जमलं नाही. इथे सांगतो. मी येत नाही. पेटी रिकामी केली.

मंडळी, मला गाणी येत नाहीत. गोष्टी येत नाहीत. तुमच्यापैकी कोणाची लेक, कोणाची सून चार इयत्ता शिकलेली असेल तर तिला पाठवा. चित्रं कुठे आहेत, सरकी कशी काढायची, ते मी दाखवीन. कोणी आलं नाही तरी सकाळी दार उघडं राहील. मुलं बसतील, मीही बसेन. बोलणं नाही झालं तरी बसू.

आता कमलसाठी सगळ्यांनी थोडा वेळ स्तब्ध उभं राहावं. मुलांनी चुळबुळ केली तर करू द्या, तिला चालायची.

मग घरी जा. दिवस लवकर मावळतो. मीही जाईन. थंडीत ती रोज संध्याकाळी अंगणात पितळेची परात भरून ठेवायची, सकाळी मुलांनी गार पाण्यात बोटं बुडवावीत म्हणून. परात मोठी आहे. भरलेली उचलायला दोघं लागतात. मी ती आधी रिकामीच अंगणात नेऊन ठेवीन, आणि मग तांब्याने भरीन.