तेविसाव्या वर्षी दुधाची दाढ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या दातांच्या डॉक्टरबाई, आणि मुलाबाळांना सांभाळत इथवर आलेले माझ्यासारखे सगळे घरचे लोक, सर्वांना नमस्कार.

मी वायरमन. माइक दुरुस्त करायला मला बरेचदा बोलावतात; त्यावर बोलायला आजच पहिल्यांदा बोलावलंय. तेव्हा सांभाळून घ्या.

तिसऱ्या रांगेत निळ्या ड्रेसमध्ये बसली आहे ती माझी धाकटी बहीण, ठमी. जन्मतःच तिला एक गुणसूत्र जास्तीचं. शब्द मोजकेच. दात उशिरा आले, काही आलेच नाहीत, आणि आले ते तांदळाच्या कण्यांएवढे. आम्ही म्हणायचो, असू दे, तिला कुठे फोटो काढायचाय! दातांचा विचार आम्ही एवढाच केला होता.

तीन वर्षांपूर्वी तिचं काहीतरी बिनसलं. ताट भिरकावायची, स्वतःच्याच डाव्या गालावर थपडा मारायची. पाकिटं बनवायच्या कार्यशाळेत तिने शिक्षिकेला ढकललं, तेव्हा निरोप आला, "आता हिला आणू नका." एका डॉक्टरांनी सांगितलं, "या मुलांचा स्वभावच असा असतो," आणि गोळ्या दिल्या. ठमी दिवसदिवस झोपून राहायला लागली. गालाकडे बघून कुणी म्हणालं, दात दाखवा; तीन दवाखान्यांत चौघाचौघांनी धरून तिचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ठिकाणी ती कडकडून चावली.

आज इतक्या लोकांसमोर सांगतो, त्या दिवसांत मीही एकदा तिच्यावर हात उचलला. त्याच गालावर.

मग कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. बाई खुर्ची सोडून फरशीवर बसल्या, स्वतःचं तोंड उघडलं आणि आरसा ठमीच्या हातात देऊन म्हणाल्या, "मोज माझे दात." चार खेपा हेच चाललं! मी वैतागलो. "बाई, दर वेळी अर्ध्या दिवसाचं काम बुडतं माझं. तिचं तोंड कधी बघणार?"

"तिच्यावर तीनदा जबरदस्ती झालीये," बाई म्हणाल्या. "आता ती आपणहून उघडेल. तोवर काम बुडवा."

पाचव्या खेपेला ठमीने आपणहून आ केला.

तेविसाव्या वर्षी तिच्या तोंडात दुधाची दाढ होती. खाली पक्की दाढ तयारच झाली नव्हती, म्हणून ती पडली नाही. किडली, आणि मुळाशी पू झाला. बाई म्हणाल्या, "हिचा स्वभाव नाही बिघडलेला. हिला वर्षभर दुखतंय."

मी कसाबसा त्या थपडेबद्दल बोललो. वाटलं, बाई समजूत घालतील. छे! "माफी तिची मागा, माझी नको. आणि आजपासून रात्री तिचे दात घासायचं काम तुमचं."

अशा मुलांचं हृदय जन्मतः नाजूक असू शकतं, म्हणून बाईंनी आधी तिच्या हृदयाचे रिपोर्ट मागवले, मगच दाढ काढली. आठवड्याभरात ठमी पोटभर जेवली. बाईंनी स्वतः चिठ्ठी लिहून त्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. कार्यशाळेतही बाई स्वतः गेल्या. आज ठमी तिथे रोज दीडशे पाकिटं चिकटवते, आणि नव्या मुलींना डिंकाचा ब्रश कसा धरायचा हे दाखवते. ओरडून दाखवते, पण दाखवते!

बाई, तुम्ही किती दात वाचवले ते हे मान्यवर सांगतील. तुम्ही माझी बहीण मला परत दिलीत, हे सांगायला मी उभा राहिलो. तुमच्या हाताखाली शिकलेले सहा डॉक्टर आज फरशीवर बसून पेशंट तपासतात. आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.

गेल्या आठवड्यात शेवटच्या तपासणीला बाईंनी ठमीच्या कागदावर लिहिलं, 'हिरड्या उत्तम.' आईने तो फ्रेम करून घेतला. मी विचारलं, "आणि माझे दात?" ठमीच मध्ये बोलली, "दादा, आ कर."

बाई हसून बाजूला झाल्या आणि आरसा तिच्या हातात दिला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. वायरमनच्या बोलण्यात कुठे काही सैल राहिलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं.