बर्फाची खुर्ची

आम्स्टरडॅमच्या धक्क्यावर, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक आजोबा होते. ते खिडकीतल्या मुलीशी बोलत होते.

“बोटीचा पास दे, पोरी. दिवसभर कुठंही उतरायचं, परत चढायचं, तो.”

“आइस बारचंही जोडून देऊ? आत सगळं बर्फाचं, अगदी खुर्च्यासुद्धा.”

“खुर्ची सरकते का?”

“आजोबा, ती बसायला असते!”

“बसायला घरी सहा आहेत. याच कालव्यावर बायकोनं मला स्केटिंग शिकवलं, स्वयंपाकघरातली खुर्ची पुढं ढकलायला लावून. तेव्हा पाणी गोठायचं.”

“मग आजींनाही आणा की! दोघांचं देते.”

“एकाचंच दे. आत हातमोजे मिळतात ना?”

“मिळतात. तुमचे नाहीत?”

“आहेत. तिच्या कोटाच्या खिशात. तो कोट अजून खुंटीवरच आहे, त्याला मला हात लाववत नाही.”