बारा महिने निरंक

झुंबरबाई — आखो वाचा ना भाऊ. थांबनात कसाले?

सुकदेव — अक्षर बारीक आहे. आणि हिंदीत लिहिलंय. "लड़की का नाम प्रमिला, उम्र अंदाज़न चौदह, गाँव का नाम ठीक बताती है..." म्हणजे प्रमिला सापडली, झुंबरबाई. सुरतेला. पोलिसांनी एका घरावर धाड घातली, तिथे सहा मुली होत्या, त्यात ती. आता मुलींच्या सरकारी वसतिगृहात आहे. तिथल्या बाईंनी हे पत्र टाकलंय.

झुंबरबाई — बरी शे म्हने?

सुकदेव — "तबीयत ठीक है."

झुंबरबाई — कोनं घर व्हतं ते? पोरले लई गई ती भिकुबाई तर साड्यास्ले टिकल्या लावाना कारखाना सांगे.

सुकदेव — कारखाना नव्हता तो.

झुंबरबाई — मले ठाऊक शे. दीड साल व्हयनं ठाऊक शे. वाचा तुम्ही.

सुकदेव — "पंद्रह तारीख, सोमवार को अदालत में... एक औरत अपने को मौसी बताती है... कहती है माँ ने ख़ुद..." हं. तर सोमवारी कोर्टात तारीख आहे. शाळेचा दाखला घेऊन जायचं. चौथीपर्यंत शिकली ना? मग झालं. दाखल्यावर जन्मतारीख असते.

झुंबरबाई — 'बेचा' म्हने तो कागद.

सुकदेव — कुठे?

झुंबरबाई — आतेच तुम्ही तोंडमा पुटपुटनात. मी तीन साल बारडोलीकडे ऊस तोडेल शे भाऊ, हिंदी समजस मले. कोनी बेचा?

सुकदेव — ती मावशी म्हणवणारी बाई तसं सांगते. की आईनेच विकली. तिने वकीलही दिलाय. मुलगी माझ्या ताब्यात द्या म्हणते.

झुंबरबाई — मग त्यात काय! तुम्ही शेतस ना साक्षीले. पोर गई आनि तिसरा दिवसले मी आठेच उनी व्हती, ह्याच बाकवर बठेल व्हती. तुम्ही पानी पाजं मले. मनी अब्रू राखी तुम्ही. मी घरमा सांगस, ठाण्यामा एक देवमाणूस शे.

सुकदेव — बाई, अजून एक ओळ आहे.

झुंबरबाई — वाचा.

सुकदेव — "आपके ज़िले से पूछा गया। उत्तर मिला, निरंक।"

झुंबरबाई — ते काय ऱ्हास?

सुकदेव — निरंक म्हणजे काही नाही. त्यांनी धुळ्याला विचारलं, या मुलीच्या आईने कधी पोलिसांत सांगितलं होतं का. धुळ्याने तक्ते काढून बघितले आणि कळवलं, निरंक. असं काही घडलेलंच नाही. या ठाण्याच्या हद्दीतून अशी एकही मुलगी गेलेली नाही.

झुंबरबाई — पन मी तर उनी व्हती.

सुकदेव — हो.

झुंबरबाई — मग धुळावालास्नी चूक व्हयनी. तुम्ही लिखी द्या त्यास्ले.

सुकदेव — देतो. लिहून देतो.

(सुकदेव टाइपरायटरवर कागद चढवतो. इथून पुढे कागदही बोलतो.)

कागद — प्रति, मा. अधीक्षिका. विषय : कु. प्रमिला हिच्या आईने तक्रार दिल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर मुलीची आई ही दिनांक

सुकदेव — तारीख आठवते?

झुंबरबाई — तारीख कोनले ठाऊक! श्रावणमा कानबाईना सण, ती उठनी तो सोमवार. त्याना दुसरा दिवस. परसादना रोट खाईसन गई व्हती पोर, शनिवारले कानबाई मांडाना आधीच भिकुबाई लई जास म्हने, पोर म्हने रविवारना रोट खासू नि मगच जासू. मी तिले जास्त तूप दिधं. रविवारले रोट खादात, रातले गाडी. तिसरा दिवस म्हंजे मंगळवारच.

सुकदेव — दोंडाईच्याहून बसली?

झुंबरबाई — मी सोता बसाडी आगगाडीमा. खिडकीजोडे जागा लई दिधी.

कागद — दिनांक २० ऑगस्ट १९९१, मंगळवार रोजी ठाण्यात समक्ष हजर झाली होती. परंतु

साहेब — काय रे सुकदेव, सकाळी सकाळी टकटक? तक्ता तर पाच तारखेलाच गेला ना?

सुकदेव — साहेब, सुरतेचं पत्र आहे. या बाईंची मुलगी.

साहेब — बघू. ...हं. हं. बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?

झुंबरबाई — मी आठेच बठस साहेब. ह्याच बाकवरथून एकदाव परत गई मी.

साहेब — बरं बसा. सुकदेव, सोपं आहे. आजच्या तारखेची तक्रार घे, बावीस रकाने भर, प्रत सुरतेला धाड. बाईंचं काम होतंय, आपलंही होतंय.

सुकदेव — आजची घेतली तर तिथला वकील म्हणेल, धाड पडल्यावर आईला जाग आली.

साहेब — म्हणू दे की! वकिलाला पैसे कशाचे मिळतात? आणि तू काय लिहितोयस ते वाचलं मी. "समक्ष हजर झाली होती, परंतु." परंतु काय? परंतु आम्ही तिला हाकलून दिलं?

झुंबरबाई — नही साहेब, हाकली कोठे! भाऊनी मले समजाडं. म्हने, नाव लिखं का ते पेपरमा येई. गावमा बोभाटा व्हई. धाकली पोरले कोन करी? घर जा, पोर येई, नातलगकडे गई सांगा. मले इचारं, कोनासंगे पळी गई का? मी मान खाले घाली.

साहेब — झालं तर! बाई स्वतःच परत गेली. तसं लिही.

कागद — परंतु कौटुंबिक प्रतिष्ठेच्या कारणास्तव तिने स्वेच्छेने तक्रार न नोंदविता

साहेब — आत्ता कसं. याच्यावर शिक्का देतो मी. मागच्या साली विभागात नाव झालंय आपलं, दोन वर्षं सलग निरंक. शेजारच्या ठाण्यांना आपला दाखला देतात. चहा पाठवतो, बाईंना पण पाजा.

झुंबरबाई — भला माणूस शे. काय लिखं भाऊ?

सुकदेव — लिहिलं की तुम्ही आपल्या मर्जीने परत गेलात.

झुंबरबाई — हा. आनि मग पोर भेटी?

सुकदेव — नाही. मग ते म्हणतील, आईला माहीत होतं कोण घेऊन गेलं, गाडीत तिनेच बसवलं, तक्रार करायला आली आणि आपणहून परत गेली. वकिलाला याहून काय हवं?

झुंबरबाई — मग खोडा ना ते.

कागद — xxxxxxxxxx xxxxxxxxxx xxxxxxx

झुंबरबाई — भाऊ? बोटं का थांबनात?

सुकदेव — अक्का, त्या दिवशी मी जे बोललो ते तुमच्या अब्रूसाठी नव्हतं.

झुंबरबाई — मग कसासाठे?

सुकदेव — दर महिन्याला एक तक्ता जातो इथून. अठराच्या आतल्या किती मुली गेल्या, कोणी नेल्या, किती मिळाल्या. वरून मागवतात. त्याच्यावरून ठरतं म्हणे, कुठे माणसं वाढवायची, कुठल्या रेल्वे स्टेशनावर बाया पोलीस नेमायच्या. इथे कोणी तसं काही लिहीत नाही, म्हणून मी काय करतो, एप्रिलमध्येच टाइप करून ठेवतो. बाराही महिन्यांचे. कार्बन घालून. सगळ्या रकान्यांत निरंक. महिना संपला की पेनने महिन्याचं नाव घालायचं आणि पाकिटात टाकायचं.

झुंबरबाई — पोर जावाना आधी?

सुकदेव — चार महिने आधी. तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा ऑगस्टचा तक्ता या खणात तयार होता.

झुंबरबाई — मग फाडता येत नव्हता?

सुकदेव — येत होता. एक आकडा घातला की नवा टाइप करायचा, त्याला बावीस रकान्यांची पुरवणी, मग धुळ्याचं विचारणापत्र, त्याला उत्तर. दोन दिवसांचं काम. मी तुमच्याकडे बघितलं आणि मला कळलं, बाई लाजतेय. लाजणाऱ्या बाईला परत पाठवायला वेळ लागत नाही. पाणी पाजायचं, अब्रूचं बोलायचं.

झुंबरबाई — दोन दिवसनं काम.

सुकदेव — हो.

झुंबरबाई — आनि मी तुले देवमाणूस म्हनू.

सुकदेव — अक्का—

झुंबरबाई — अक्का म्हनू नको. दीड साल मी गावले सांगं, पोर मामाकडे शे. धाकलीले बी तेच सांगाले लावं. कोनी सुरतकडथून उनं का मी त्याले इचारं नही, इचारं तर समजी जाई म्हनीसन. तू सांगेल व्हतं ना गप ऱ्हावानं. मी गप ऱ्हायनी तुना तक्ताकरता?

सुकदेव — हा.

झुंबरबाई — मोठ्यानं बोल.

सुकदेव — हा. मना तक्ताकरता.

झुंबरबाई — आते लिख.

कागद — ती समक्ष हजर झाली होती. मुलगी तेरा वर्षांची असून तिला भिकुबाई नावाच्या स्त्रीने कामाच्या आमिषाने नेले व मुलीचा ठावठिकाणा लागत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. मी, ठाण्याचा रायटर, तिची तक्रार घेतली नाही. तिला बदनामीची भीती घालून परत पाठविले. त्या महिन्याचा निरंक अहवाल मी अगोदरच टाइप करून ठेवलेला होता. तो खोटा आहे.

साहेब — चहा आला का? दे, शिक्का मारतो. ...हे काय आहे?

सुकदेव — वाचलंत ना साहेब.

साहेब — वेडा झालास? यात तुझी नोकरी जाईल. तुझी एकट्याची जाणार नाही, खाली सही माझी असते प्रत्येक तक्त्यावर!

सुकदेव — तुम्ही न वाचता करता, साहेब. तसंही लिहू का?

साहेब — शिक्का मिळणार नाही. ऐकलंस? या ठाण्याचा शिक्का या कागदावर पडणार नाही.

सुकदेव — नका देऊ. खाली माझा बक्कल नंबर टाकतो. सोमवारी रजा टाकून मीच कोर्टात उभा राहतो.

साहेब — रजा! रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर येईल, समजलं? ...बाई, समजवा याला. पोरंबाळं आहेत याला.

झुंबरबाई — मी काय समजाडू साहेब! मले समजाडाले कोन व्हतं?

साहेब — कर काय करायचं ते. मी बघितलं नाही. मी दौऱ्यावर आहे.

झुंबरबाई — गया. आते खरं सांग, कोर्टमा उभा ऱ्हाशी? का तठे बी तुले पानी पाजतीन नि परत येशी?

सुकदेव — राहीन. भीती वाटतेय, पण राहीन.

झुंबरबाई — वाटू दे. मले बी वाटस. पोर मनाकडे देखी का नही, ती वाटस.

सुकदेव — देखी.

झुंबरबाई — तुले काय ठाऊक? खिडकीजोडे मी बसाडेल शे तिले. ...आनि ह्या बाकवर मनासारख्या आखो कितल्या बठन्यात?

सुकदेव — काय?

झुंबरबाई — पानी कितलीस्ले पाजं?

सुकदेव — पाच. तुम्ही धरून पाच.

झुंबरबाई — कागद मशीनवर तसाच शे ना? त्यास्ना बी लिख. नावं ठाऊक शेत?

कागद — याशिवाय खालील मुलींबाबत त्यांच्या आया ठाण्यात आल्या होत्या, त्यांचीही नोंद घेतलेली नाही. यशोदा, वय अंदाजे पंधरा. भटू मिस्तरीची मुलगी, वय बारा. द्रौपदा, वय चौदा.

झुंबरबाई — हाई तीन व्हयन्यात. मनी चौथी. पाचवी?

सुकदेव — ती आई पिंपळनेरकडची होती. पावसाळा होता. लुगडं सगळं भिजलेलं. मुलीचं नाव तिने दोनदा सांगितलं होतं.

झुंबरबाई — काय व्हतं?

सुकदेव — नाही आठवत.

झुंबरबाई — मग सोमवारनी तारीख व्हयनी का तिना घर जाय. तिनी मायले इचार.