मिठाच्या पाण्यातली स्प्रिंग

आता तुम्हीच सांगा, माणसाच्या काळजात घालायची वस्तू कोणी लिंबाच्या लोणच्यासारखी खिडकीत मुरत ठेवतं का? नाय, आधी मला एवढं सांगा, मग मी पुढचं बोलते... आमचे शेजारी त्र्यंबक मास्तर, गणिताचे, रिटायर झालेत, अर्ध्या पेणला पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत, त्यांनी ठेवली होती. बाटलीत. आणि मी मधे पडणारी बाई नाय, पण त्यांची खिडकी बरोबर माझ्या ओट्यासमोर, मग मी डोळे काय पाठीला लावू?

तर झालं काय, गेल्या दिवाळीत मास्तरांच्या छातीत दुखलं, मुंबईला नेलं, हृदयाची नळी चोंदली होती ती फुगवून मोकळी केली आणि परत मिटू नये म्हणून आत ही एवढीशी जाळीची स्प्रिंग बसवली. छान झालं. पेढे वाटले, मी दोन घेतले. आणि गुढीपाडवा जातो न जातो तोच मास्तर बाजारातनं येताना दर चार घरांवर टेकायला लागले. परत मुंबई. तर डॉक्टर म्हणतो, स्प्रिंग जागेवर आहे, पण तिच्या आतनं मांस वाढलंय, नळी परत अरुंद झालीय. म्हणजे बघा, पाणी तुंबू नये म्हणून पाइप टाकावा आणि पाइपातच झाड उगवावं.

मला कसं ठाऊक? मी तिथंच होते ना. मी मधे पडणारी बाई नाय, पण मास्तरांच्या बायकोला, श्यामलावहिनींना, सोबत नको?

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "मास्तर, उघडा धातू शरीराला परका वाटतो. आता नवी स्प्रिंग आलीय, तिच्यावर खास लेप असतो. रक्त चिकटत नाही, मांसही कमी वाढेल अशी आशा आहे. खात्री कोणीच देत नाही, पण तुम्ही थांबू नका, पुढच्या आठवड्यात या." आणि समजावं म्हणून नमुन्याची एक स्प्रिंग मास्तरांच्या तळहातावर ठेवली, म्हणाला, राहू दे तुम्हाला. तिथंच चुकला तो. पेणच्या माणसाच्या हातात लेप दिलेली वस्तू द्यायची नसते हो... आमच्याकडे लहान पोरसुद्धा गणपतीचा रंग वाळलाय का ते बोट लावून सांगतं.

मास्तर एसटीतनं उतरले ते घरी नाय गेले, थेट आमच्या कारखान्यात. माझा नवरा जनू, सगळी हयात गणपती रंगवण्यात गेली, त्यानं ती स्प्रिंग नखानं खरवडली आणि म्हणतो, "मास्तर, हा रंगाचा हात कधी मारलाय? पावसाळ्यात मारला असंल तर धरायचा नाय. आमची हमरापूरची मंडळी आषाढात दिवे लावून मूर्त्या सुकवतात, तरी पापडी सुटते." झालं, मास्तरांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अहो, ती परदेशातनं आलीय, तिकडं कुठला आषाढ? तर मास्तर चष्मा पुसत म्हणतात, "इंदुबाई, पाऊस सगळीकडे पडतो."

त्यात रोह्याहून माझ्या बहिणीचा नवरा आला, महिपती. कंपनीत रंग मारलेले पत्रे तपासायच्या खात्यात आहे, त्याला कुठं राहवतंय? "मास्तर, आमच्याकडे कोटिंग मिठाच्या पाण्यानं तपासतात. टिकलं तर माल पास, नायतर परत. आणि रक्त खारटच असतं की." गणिताच्या मास्तरांना असं पायरी-पायरीनं सांगितलं की संपलंच. संध्याकाळी मिठागरावरचा शिवा कळशी घेऊन हजर. "घ्या मास्तर, आगरातलं पानी हाय. यात खिळा टाकला तर ओळखू येत नाय."

म्हणजे ज्या माणसाला डॉक्टरनं चिमूटभर मीठ बंद केलंय, त्याच्या काळजाची स्प्रिंग मिठात. अख्खी आळी बघायला. येणारा बाटली हलवणार, उजेडात धरणार, हं म्हणणार आणि चहा पिऊन जाणार. ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. वहिनी माझ्या ओट्याशी येऊन म्हणाल्या, "इंदुबाई, आज हे चप्पल घालायला वाकले आणि भिंत धरून उभे राहिले. ओठ निळे झाले होते हो." आणि डोळ्याला पदर.

मी मधे पडणारी बाई नाय, पण त्या दिवशी पडले. म्हटलं, मास्तर, बास झालं, चला मुंबईला. तर म्हणतात, "शास्त्राला घाई चालत नाही." म्हटलं, तुमच्या छातीला उशीर चालतो का, ते विचारा आधी.

शेवटी रविवारी महिपती भिंग घेऊन आला, स्प्रिंग चिमट्यात धरून इकडून बघितली, तिकडून बघितली आणि म्हणाला, पास. मी देवाला हात जोडले. म्हटलं, आता तरी चला. मास्तर म्हणाले, "चला. पण बसवायची ती हीच. दुसरी कशी असेल कोण जाणे, तिची कुठं परीक्षा झालीय?"

आता याला काय म्हणायचं? मुंबईपर्यंत ती बाटली मांडीवर. खड्डा आला की मास्तर छाती नाय धरायचे, बाटली धरायचे. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरला कपाळावर हात मारताना मी पहिल्यांदा बघितलं. मग बाटली घेतली, म्हणाला, "मास्तर, आता माझ्यावर सोडा." आणि दाराबाहेर येऊन ती माझ्या हातात कोंबली. "बाई, ही लांब ठेवा. मी नवी, सीलबंद बसवतोय. तुम्ही काही बोलू नका, आधी सुखरूप होऊ दे."

झालं सुखरूप. आता मास्तर बाजारात जाऊन येतात, कुठं टेकत नाय. थांबतात ते फक्त छातीवर थाप मारून सांगायला, "आपल्या मिठागरानं पास केलेली आहे ही." शिवा गावभर मिरवतो, महिपती रोह्यात. आणि बाटली? माझ्या तांदळाच्या डब्यात, तळाला. वहिनींनी हात धरून सांगितलंय, "त्यांचा जीव बसलाय त्या स्प्रिंगवर, कळलं तर धसका घेतील." आळीत कोणाचं दूध उतू गेलं तरी ज्या बाईकडनं लोकांना कळतं, तिच्याकडे जन्मातली सगळ्यात मोठी बातमी, आणि तोंडाला कुलूप. तुम्ही पेणचे नाय म्हणून तुम्हाला सांगतेय...

काल मास्तर स्वतः आले. खुर्ची ओढून बसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणतात, "इंदुबाई, हल्ली तुम्ही बोलत नाही. घशाशी काही तरी अडकल्यासारखं दिसतं. छातीत दाटतं का? एकदा दाखवून घ्या. आणि स्प्रिंग लागलीच, तर आधी माझ्याकडे आणा. मी तपासून देतो."

मी म्हटलं, बरं मास्तर.