न प्यालेला कप

माआन या अरबी वाळवंटातल्या गावी, दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते.

"मुतलक, डॉक्टर तुझी कॉफी बंद करणार बघ."

"ती चाळीस वर्षांपूर्वीच सुटली. नवफाला मागणी घालायला गेलो ना, तेव्हा."

"टोळीबाहेर मुलगी देत नाहीत ते."

"निमित्त मीच दिलं की! मागणी मान्य झाल्याशिवाय कपाला तोंड लावायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी गाढव, तहानेनं एका घोटात प्यालो! तिचा बाप म्हणाला, पाहुणे नुसते कॉफीला आलेत. आणि दिली तिच्याच चुलतभावाला."

"तो वारला ना?"

"दहा वर्षं झाली. परवा तिच्याकडे गेलो होतो. कप पुढे आला."

"प्यालास?"

"नाही, तसाच खाली ठेवला. तिचा मुलगा म्हणाला, काका, काय मागायचंय?"

"मग?"

"म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवून येतो."