दशरथ मास्तरांचं आमेन

हेमा: म्हणजे आजही डबी तशीच परत नेऊ?

दशरथ: आजही. पाणी पी आणि नीघ. ऊन चढायच्या आत घरी पोच.

हेमा: मास्तर, चर्चमधली मिस्सा संपली की सगळे वडापावच्या गाडीवर जातात. आणि मी ख्रिस्तशरीराच्या भाकरीची डबी गळ्यात अडकवून, उसाच्या ट्रॅक्टरमागे स्कूटरवर रांगत रांगत मांजरी गावात तुमच्याकडे येते. महिना होत आला. तुम्ही काही घेत नाही.

दशरथ: गुडघा गेलाय म्हणून चर्चला येत नाही, एवढंच फादरांना कळवलं होतं. घरपोच पाठवा असं म्हणालो नव्हतो.

हेमा: आज फादर काय म्हणाले सांगू? मास्तर घेत नसतील तर सक्ती नको. ससाणेआजी अंथरुणाला खिळल्यात, पुढच्या रविवारपासून त्यांच्याकडे जा.

दशरथ: बरोबर बोलले.

हेमा: म्हणजे इथे कुणीच येणार नाही.

दशरथ: ऐकलं. गुडघा गेलाय, कान नाही.

हेमा: काकू गेल्या म्हणून देवावर रागावलात का?

दशरथ: राग असता तर बरं होतं. भांडणात निदान बोलणं तरी होतं. चंद्रभागा गेली, माती दिली, आलेल्यांना चहा दिला, दार लावून घेतलं. तेव्हापासून रडू नाही की काही नाही. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा अख्खा माणूस झालाय माझा. आपलाच गाल, पण चावला तरी कळत नाही.

हेमा: मग हेच सांगा ना प्रार्थनेत. शांती मागा.

दशरथ: शांतता भरपूर आहे. फादरांना म्हणावं, थोडी घेऊन जा, तुमच्या लाउडस्पीकरला उपयोगी पडेल.

हेमा: थट्टा पुरे. टेबलावर हे धुतलेलं पांढरं कापड कुणी घातलं? क्रूस मांडलेला, मेणबत्ती मी यायच्या आधीच पेटलेली. घ्यायचं नाही तर हे कशाला?

दशरथ: हात करतात. रविवार आला की करतात. ती गेल्याचं हातांना अजून कुणी कळवलेलं नाही.

हेमा: मग तोंडालाही नका कळवू. एक शब्द आहे, मास्तर. आमेन म्हणा आणि घ्या.

दशरथ: घोडं तिथेच तर अडलंय. इतकी वर्षं पोरांना शिकवून पहिल्या कम्युनियनला बसवलं. तुलाही बसवलं. आमेन म्हणजे काय, काय सांगायचो मी?

हेमा: आमेन म्हणजे अंगठा उठवणं. एकदा उठवला की नाही म्हणता येत नाही.

दशरथ: मग? आत ठणठणाट असताना खोटा अंगठा उठवू?

हेमा: बाप्तिस्म्याला बाळ कुठे काय बोलतं? त्याच्या वतीनं मायबापच बोलतात.

दशरथ: ते पाळण्यातलं बाळ. मी सत्तरी उलटलेला घोडा.

हेमा: आणि काकू? त्या काय पाळण्यात होत्या?

दशरथ: तिचं काय मधेच?

हेमा: हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी ही डबी घेऊन मीच आले होते ना. मी म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर. काकूंना जेमतेम शुद्ध, जीभ वळेना. तेव्हा आमेन कोण म्हणालं, मास्तर?

(हेमाला वाटतं, हे बोलायला नको होतं. पण सुटलेला बाण काही माघारी येत नाही.)

दशरथ: मी म्हणालो.

हेमा: खोटं होतं ते?

दशरथ: खोटं कसं असेल? संसारभर तिच्या शेजारी बसून ऐकलं होतं. तिच्या मनात होतंच, फक्त आवाज नव्हता. तेवढा मी दिला.

हेमा: तुमचंही मी ऐकलंय. आम्ही पोरं पुढे चटईवर बसायचो, तुम्ही पार शेवटच्या बाकावर. अख्ख्या चर्चमध्ये तुमचं आमेन वेगळं ऐकू यायचं. आम्ही हसायचो.

दशरथ: तो माणूस वेगळा होता.

हेमा: असेल. त्याच्या भरवशावर तुमचं आमेन मी म्हणते. तुम्हाला आज काही वाटायलाच हवं असं नाही. मला तरी दर रविवारी कुठे वाटतं? निम्म्या मिस्सेत सोमवारची हिंजवडीची बस दिसत असते.

दशरथ: आणि घेतल्यावरही काही वाटलं नाही तर?

हेमा: तर नाही वाटलं.

दशरथ: हे मी शिकवलं नव्हतं तुम्हा पोरांना.

हेमा: नव्हतंच. हे काकूंच्या खाटेपाशी शिकले. तुमच्याकडे बघून.

दशरथ: मला उभं राहता येणार नाही.

हेमा: बसून चालतं.

दशरथ: थांब जरा. क्रूसाची खूण करू दे... हं.

हेमा: ख्रिस्ताचं शरीर.

दशरथ: म्हण की आता. तोंड उघडं ठेवून किती वेळ बसू?

हेमा: आमेन.